संधिवातातला थकवा आणि घरसंसार

संधिवात म्हटले की सुजलेले गुडघे आणि वाकडी झालेली बोटे आपल्या डोळ्यांसमोर येतात. आजार प्रत्यक्ष घरात आला म्हणजे कळते की त्याची आणखी एक बाजू आहे आणि ती कोणाला दिसत नाही. ती बाजू म्हणजे थकवा. सूज डॉक्टरांना दाखवता येते, दुखते तिथे बोट ठेवता येते. थकवा दाखवायचा कसा? आठ तास झोपूनही सकाळी अंगात त्राण नसते, आंघोळ करून आल्यावर पुन्हा पडावेसे वाटते, संध्याकाळी कोणी आले तर चहा टाकायला उठणे जिवावर येते. घरातली माणसे बघतात ती एवढेच, की आज ताप नाही, हातपाय सुजलेले नाहीत, मग ही पडून का आहे?

आमच्या घरी पत्नीला हा आजार गेली तेरा वर्षे आहे. मंडळाच्या कार्यक्रमांत भेटणाऱ्या अनेक कुटुंबांत तो आहे, फक्त त्यातल्या थकव्याविषयी कोणी बोलत नाही. म्हणून जी माहिती वाचून, डॉक्टरांना विचारून आणि घरात वागून जमली ती इथे एकत्र दिली आहे. औषध कोणते, किती आणि कधी, हे ठरवणे अर्थातच डॉक्टरांचे काम.

कोणता संधिवात?

बोलीभाषेत आपण सगळ्यालाच संधिवात म्हणतो. तेलुगू शेजारी ‘कीळ्ळ वातम’ म्हणतात, त्यातही सगळे आले. पण प्रकार ओळखणे महत्त्वाचे आहे, कारण थकव्याचा उपाय त्यावर ठरतो. साठीनंतर गुडघ्याची कूर्चा झिजून होतो तो ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे झिजेचा संधिवात. त्यात थकवा येतो तो मुख्यतः वेदनेमुळे, झोपमोडीमुळे आणि हालचाल कमी झाल्यामुळे. ऱ्हुमॅटॉईड आर्थ्रायटिस, ज्याला आपण आमवात म्हणतो, तो वेगळा. त्यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो दुपटी-तिपटीने आढळतो आणि पुष्कळदा तिशी ते पन्नाशीत, ऐन संसाराच्या काळात सुरू होतो. सकाळी उठल्यावर बोटे आखडलेली असणे आणि ती मोकळी व्हायला अर्धा तास, तास किंवा अधिक लागणे ही त्याची ओळखीची खूण आहे. सोरायसिसबरोबर येणारा आणि पाठीच्या कण्याचा संधिवातही याच दाहाच्या गटातले.

आपल्या भागात आणखी एक कारण लक्षात ठेवावे लागते. २००५च्या अखेरीस आणि २००६ साली चिकुनगुन्याची मोठी साथ आली, तिचा जोर आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि महाराष्ट्रात होता. त्या वर्षी देशात १३ लाखांहून जास्त संशयित रुग्ण नोंदले गेले. ताप आठवड्यात गेला, पण अनेकांचे सांधे आणि थकवा महिनोन्‌महिने राहिले. साथी अजूनही येतात. तापानंतर तीन महिने उलटले तरी सांधे सुजत असतील तर ‘चिकुनगुन्याचेच आहे’ म्हणून बसून न राहता संधिवाततज्ज्ञांना दाखवावे.

आजार किती पसरलेला आहे याचा अंदाज देणारी एक पाहणी आपल्या ओळखीच्या रस्त्यावरच झाली आहे. पुण्याला जाताना सोलापूर मागे टाकले की भिगवण लागते. तिथे १९९६ साली डॉ. अरविंद चोपडा आणि त्यांच्या पुण्यातील सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ या उपक्रमाखाली घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची चौकशी केली. शंभरातल्या सुमारे अठरा जणांना सांधे-स्नायूंचे काही ना काही दुखणे होते. आमवात अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघाला, म्हणजे दोनशे माणसांत एक. आपल्या गणेशोत्सवाच्या मोठ्या कार्यक्रमाला चारशे माणसे जमली तर त्यात दोघांना हा आजार असायचा, आणि झिजेच्या संधिवाताचे रुग्ण वेगळेच.

थकवा येतो कुठून?

दाहाच्या संधिवातात शरीरात जी रसायने तयार होतात ती सांध्यात थांबत नाहीत, रक्तातून सगळीकडे फिरतात आणि मेंदूवरही परिणाम करतात. फ्लू झाला की दोन दिवस कसे गळून जायला होते, तेच इथे कमी-जास्त प्रमाणात रोज चालू असते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१६ साली हजारो संधिवात रुग्णांची माहिती तपासली तेव्हा आजाराच्या प्रकारानुसार ४१ ते ५७ टक्के रुग्णांना तीव्र थकवा असल्याचे दिसले. म्हणजे जवळपास दोघांत एकाला. २०२३ साली युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या ‘युलार’ या संघटनेने थकव्यासाठी स्वतंत्र शिफारशी तयार केल्या. तोवर डॉक्टर मंडळीही सांध्यांचेच बघत होती असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

आपल्या वैद्यकाला मात्र हे जुनेच ठाऊक होते. हजार वर्षांहून जुन्या ‘माधवनिदान’ या ग्रंथात आमवाताची लक्षणे सांगताना अंग मोडून येणे, तोंडाची चव जाणे, जडपणा आणि ताप यांच्याबरोबर चक्क ‘आलस्य’ दिलेले आहे. ज्या शब्दाने आपण घरातल्या बाईला टोमणा मारतो तोच शब्द तिथे आजाराचे लक्षण म्हणून नोंदलेला आहे. सासूबाई, जावई, वहिनी, कोणीही ‘आळस झालाय तिला’ म्हणाले तर त्यांना हे जरूर सांगावे.

आधी रक्त तपासा

सगळा थकवा संधिवाताच्या खात्यावर टाकू नये. काही कारणे सहज बरी होणारी असतात आणि ती तशीच राहून जातात. म्हणून थकवा वाढला असे वाटले की पहिल्यांदा डॉक्टरांना विचारून काही साध्या तपासण्या कराव्यात.

हिमोग्लोबिन सर्वांत आधी. स्त्रियांमध्ये ते १२च्या खाली असेल तर रक्तक्षय समजतात. पण संधिवातात रक्तक्षय दोन तऱ्हांचा असतो. एक लोहाच्या कमतरतेचा, तो लोहाच्या गोळ्यांनी भरून येतो. दुसरा दीर्घ दाहामुळे होणारा, त्यात लोह शरीरात असते पण वापरले जात नाही, आणि नुसत्या गोळ्यांचा उपयोग होत नाही; दाह आटोक्यात आणावा लागतो. फरक कळायला फेरिटिनसारखी तपासणी लागते. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, चहाने ती अंगी लागत नाही. आणखी एक धोका म्हणजे दुखले की दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या. वर्षानुवर्षे घेतल्या तर पोटात व्रण होऊन हळूहळू रक्त जाते, माणूस फिकट होतो आणि घरचे म्हणतात संधिवात वाढला. शौचाला काळी होत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

मग थायरॉईड. आमवात असलेल्यांत थायरॉईडचा दोष बऱ्यापैकी आढळतो आणि त्याचे पहिले लक्षण मरगळच असते. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असण्याची शक्यता जास्त. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर आणखी जास्त. ड जीवनसत्त्वाचे तसेच, आपल्या शहरात एवढे ऊन असून. साखर, किडनी, लिव्हर यांच्या तपासण्या बहुधा औषधांसाठी होतच असतात. दाह किती आहे हे ईएसआर आणि सीआरपीवरून कळते. हे दोन्ही चांगले आले आणि सूजही नसली तरी थकवा राहू शकतो, तेव्हा ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ या वाक्याने घरातली चर्चा संपवू नये.

मनाची चौकशीही यातच करावी. सतत दुखणारा माणूस खचतो आणि खचलेला माणूस थकतो. काही महिने कशातच रस वाटत नसेल, रडू येत असेल, तर त्यावरही उपचार आहेत. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही.

डॉक्टरांशी बोलताना शब्द नेमके हवेत. हैदराबादेत आपण तेलुगू, हिंदी, इंग्रजी असे मिळून बोलतो आणि त्यात अर्थ सांडतो. तेलुगूत ‘अलसट’ म्हणजे काम करून आलेला शीण, ‘नीरसम’ म्हणजे अंगातली शक्तीच गेल्यासारखे वाटणे. मराठीतही शीण वेगळा आणि ग्लानी वेगळी. हे सगळे जुळवत बसण्यापेक्षा काय जमत नाही ते सांगावे. ‘आंघोळ केल्यावर अर्धा तास पडावे लागते’, ‘एक जिना चढून मध्ये थांबावे लागते’, ‘दुपारी दोननंतर स्वयंपाकघरात उभे राहता येत नाही’. अशी वाक्ये कोणत्याही भाषेत डॉक्टरांना लगेच समजतात.

पंधरा दिवसांची वही

हा भाग माझ्या आवडीचा, कारण आयुष्य खातेवहीत गेले. साधी वही घ्यावी. रोज चार ओळी: रात्री झोप किती, दिवसभरात जड काम कोणते, थकवा दहापैकी किती (सकाळी, दुपारी, रात्री), आणि औषधाचा काही खास दिवस असेल तर तो. पंधरा दिवस पुरतात. त्याहून जास्त लिहायला घेतले की वहीच ओझे होते.

आमच्या वहीत एक गंमत निघाली. थकव्याचा आकडा एक दिवसाआड चढत होता. औषधाशी, जेवणाशी काही ताळमेळ लागेना. मग लक्षात आले की नळाला पाणी येते तो दिवस आणि हा दिवस एकच. पहाटे उठून मोटर लावायची, पिण्याचे पाणी भरायचे, बादल्या हलवायच्या. सांधे सर्वांत आखडलेले असतात नेमक्या त्या वेळी हे काम. आता पाणी मी भरतो. आकडा पूर्ण खाली आला नाही, पण चढ-उतार गेला.

वहीत बहुतेकांना आणखी एक गोष्ट सापडेल. ज्या दिवशी बरे वाटते त्या दिवशी आठवड्याची तुंबलेली कामे उरकली जातात, कपाटे आवरली जातात, दोन डबे चिवडा होतो, आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात. मग पुन्हा बरे वाटले की पुन्हा तेच. संधिवाताच्या उपचारात या चक्राला फार महत्त्व देतात. उपाय दिसायला सोपा, पाळायला कठीण: बऱ्या दिवशी हात आखडता घ्यायचा आणि वाईट दिवशीही थोडे काहीतरी करायचे. बरे वाटते आहे तोवरच थांबायचे. बँकेत शिल्लक शून्यावर आल्यावर कोणी जागे होत नाही, आधीच होते. इथे ओव्हरड्राफ्टचे व्याज तीन दिवसांचे असते.

काम अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे करून, मध्ये दहा मिनिटे बसून केले तर एकूण काम जास्त होते असा आमचा अनुभव. पण घरातल्या इतरांनी त्या दहा मिनिटांत ‘बसलीच आहेस तर जरा लसूण सोल’ म्हणायचे नाही.

स्वयंपाकघर

थकवा कमी करायचा म्हणजे आधी स्वयंपाकघर बघायचे. पुष्कळ शक्ती अशा गोष्टींत जाते ज्यांचा जेवणाच्या चवीशी संबंध नसतो. स्टीलच्या डब्यांची घट्ट बसलेली झाकणे हे एक. रोज लागणारे तिखट, मीठ, डाळ, साखर यांचे डबे सैल झाकणाचे किंवा क्लिपचे करावेत. रोजचे सामान कंबर ते खांदा या उंचीत; वाकून काढायचे आणि चवड्यांवर उभे राहून काढायचे काही ठेवू नये. विळीवर खाली बसून चिरण्याऐवजी टेबलाशी खुर्चीवर बसून, जाड मुठीच्या सुरीने. भरलेला कुकर एका हाताने उचलू नये. लाटायचे असेल तेव्हा ओट्याजवळ उंच स्टूल. कपडे पिळणे पूर्ण बंद.

भाकरी थापणे मनगटाला फार जड जाते. पण हैदराबादेत संध्याकाळी नाक्यानाक्यावर ‘जोन्न रोट्टे’ म्हणजे गरम ज्वारीच्या भाकऱ्या थापून देणाऱ्या बायका बसतात, आणि गल्लोगल्ली करी पॉइंट आहेत. आठवड्यातून दोन दिवस वरण-भात घरचा आणि भाकरी, भाजी बाहेरची असे ठरवले तर कोणाचे बिघडत नाही. करी पॉइंटच्या भाजीत तेल-तिखट जास्त असते हे खरे, म्हणून दोन दिवस म्हटले.

कोणी काय करायचे हे एकदा बसून, मोठ्याने ठरवावे. ‘काही मदत लागली तर सांग’ ही मदत होत नाही, कारण प्रत्येक वेळी मागणे हेही एक कामच असते. रात्रीची भांडी मुलाची, सकाळचे दूध आणि पाणी माझे, इस्त्रीवाल्याचा हिशेब सुनेचा, अशी कामे कायमची हवाली केली पाहिजेत. नोकरी करणारी सून सकाळी हायटेक सिटीला जाऊन रात्री आठला परतत असेल तर सासूचे सगळे काम तिच्या डोक्यावर टाकून प्रश्न सुटत नाही, तो फक्त दुसऱ्या खोलीत जातो. निवृत्त पुरुष हे अशा घरातले सर्वांत न वापरलेले मनुष्यबळ आहे. साठीनंतरही पोळ्या लाटायला शिकता येते. माझ्या अजून गोल होत नाहीत, पण फुगतात.

नातवंडांनाही सांगावे. सहा वर्षांच्या मुलाला ‘आजीची बॅटरी दुपारी संपते, मग ती चार्जिंगला लावावी लागते’ हे मोठ्यांपेक्षा लवकर समजते. त्याला उचलून घेण्याऐवजी त्याने शेजारी येऊन बसायचे, हेही तो शिकतो.

महालक्ष्म्या

आपल्यापैकी कितीतरी घरे मूळची मराठवाड्यातली, त्यामुळे भाद्रपदातल्या ज्येष्ठा गौरी आपल्याकडे महालक्ष्म्या म्हणून बसतात. अनुराधेवर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन आणि महानैवेद्य, मूळावर विसर्जन. तीन दिवसांची ही गोष्ट प्रत्यक्षात पंधरा दिवसांची असते. घर धुणे, भांडी काढणे, फुलोरा, मग पूजनाच्या दिवशी पुरणपोळी, सोळा भाज्या, आंबील, कढी, पंचामृत. आणि परंपरेने हे सोवळ्यात, बहुतेक एकाच बाईने, उपाशीपोटी. संधिवात असलेल्या बाईने हे रेटून नेले तर नवरात्र येईपर्यंत ती उठत नाही. नाही नेले तर तिच्या मनाला लागते. वर्षातला हा एकच सण असा आहे की ज्यासाठी तिने चार महिने आधीपासून तब्येत जपलेली असते.

इथे सक्तीची विश्रांती सांगून भागत नाही. तिला विचारावे की या सगळ्यातले तू स्वतःच्या हाताने काय करायचे आहेस? कोणी म्हणेल मुखवटे मी बसवणार, साड्या मी नेसवणार. कोणी म्हणेल पुरण मीच करणार. ती एक-दोन कामे तिची, आणि त्यांच्यासाठी तिची शक्ती राखून ठेवायची. बाकीचे वाटून टाकायचे. फुलोऱ्याचे पदार्थ आठ दिवस आधी रोज एक असे करता येतात. भाज्या आदल्या संध्याकाळी पुरुषांनी निवडून-चिरून ठेवाव्यात, किंवा सोवळ्याची अडचण असेल तर पहाटे आंघोळ करून. पुरण यंत्रातून फिरवण्याचे काम तर पुरुषांचेच असावे, त्याला जोर लागतो. सोळा भाज्या वेगवेगळ्या न करता एकत्र करण्याची रीत अनेक घरांत आहेच. स्वयंपाकाला बाई बोलावली तर पुजाऱ्यांच्या आधी नातेवाइकांची कुरबुर ऐकू येते, ती एक वर्ष टिकते. भावाभावांत कुळधर्म आलटून-पालटून करण्याची सोय काही घरांनी केली आहे, तीही विचार करण्याजोगी.

पूजनाच्या दिवशी उपवास आणि औषध यांचा मेळ डॉक्टरांना आधीच विचारावा. स्टेरॉईडची गोळी सकाळी खाऊन घ्यायची असते आणि ती मनाने बंद करायची नसते. दुपारच्या पंगतीपूर्वी तासभर खोलीचे दार लावून पडायला मिळाले पाहिजे. सवाष्णी जेवून गेल्या की हळदीकुंकवाला बसून राहायचे, उभे राहायचे नाही. विसर्जनानंतरचे दोन दिवस कॅलेंडरवर मोकळे लिहून ठेवावेत; त्या दिवशी पाहुण्यांना स्टेशनवर पोचवायला दुसरे कोणी जाईल.

लग्न ठरलेल्या आणि नव्याने लग्न झालेल्या मुली

याविषयी आपल्याकडे फार लपवालपवी आहे. पंचविशीतल्या मुलीला आमवात निघाला की आईवडील पहिली काळजी करतात ती स्थळांची. मग लग्नानंतर ती पर्समध्ये लपवून गोळ्या घेते, तपासण्या चुकवते, आणि सासरी सकाळी उशिरा उठते म्हणून बोलणी खाते. आज वेळेवर औषध सुरू झाले तर या मुली नोकरी, मुले, संसार सगळे करतात. लपवण्यात खरा धोका औषधांचा आहे. मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड ही औषधे गरोदरपणात चालत नाहीत, मूल हवे असेल तर ती बरीच आधी, डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलावी लागतात. नवऱ्याला माहीतच नसेल तर हे जमणार कसे? दोन्ही घरांना आधी सांगणे आणि शक्य तर होणाऱ्या जावयाला एकदा डॉक्टरांकडे बरोबर नेणे हाच मार्ग आहे. त्याने मोडणारे लग्न मोडलेले बरे, असे माझे स्पष्ट मत.

चालणे आणि झोप

थकलेल्या माणसाला ‘चाला’ म्हणणे क्रूर वाटते. तरी युलारच्या शिफारशींत औषधाव्यतिरिक्त दोन गोष्टींवर भर आहे: झेपेल तेवढी नियमित हालचाल, आणि आपल्या सवयी व काळज्या यांच्याकडे बघायला शिकवणारे समुपदेशन. पडून राहिल्याने स्नायू झिजतात आणि तेच काम करायला अधिक शक्ती लागते. सुरुवात पाच मिनिटांपासून करावी, तीही घरातल्या घरात चालेल. दर आठवड्याला दोन मिनिटे वाढवावीत. सांधे सुजलेले असतील त्या दिवशी फक्त हातपाय हलवावेत. इंदिरा पार्क, बागलिंगमपल्लीचे सुंदरय्या पार्क, पब्लिक गार्डन ही जवळची ठिकाणे. सपाट रस्ता आणि बसायला बाक असलेली बाजू निवडावी. एप्रिल-मेमध्ये पारा ४० ओलांडतो तेव्हा सकाळी सातच्या आत परत यावे. सकाळी आखडलेपणा जास्त असेल तर आधी गरम पाण्याची आंघोळ.

दुपारची झोप वीस-तीस मिनिटे, गजर लावून. दोन तास झोपले की रात्रीची झोप जाते. रात्री दुखून वारंवार जाग येत असेल, मोठ्याने घोरणे आणि श्वास अडकणे असेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचे.

औषधांविषयी थोडेसे

मेथोट्रेक्सेट आमवातात आठवड्यातून एकदाच घेतात. ते चुकून रोज घेतल्याने जिवावर बेतलेले आहे. डब्यावर वाराचे नाव मोठ्या अक्षरांत लिहावे, आणि आजीच्या गोळ्या जो काढून देतो त्यालाही हे ठाऊक हवे. हे औषध घेतल्यावर काहींना एक-दोन दिवस गळल्यासारखे होते. डॉक्टरांना विचारून वार बदलता येतो, शनिवारी रात्री घेतले तर रविवार विश्रांतीला मिळतो. तोंड येणे, ताप, दम लागणे असे काही झाले तर पुढचा डोस घेण्याआधी फोन करावा.

बिनलेबलच्या पुड्या आणि ‘शंभर टक्के गुण’ देणाऱ्या काळ्या गोळ्या यांपासून दूर राहावे. त्यांनी दोन दिवसांत तरतरी येते ती अनेकदा आत मिसळलेल्या स्टेरॉईडमुळे. पुढे हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, आणि पुडी बंद केली की आधीपेक्षा जास्त थकवा येतो. आयुर्वेदिक उपचार घ्यायचे असतील तर नोंदणीकृत वैद्यांकडून, आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या औषधांची यादी दाखवून.

खर्च वर्षानुवर्षांचा असल्याने जनऔषधी केंद्रात नेहमीची औषधे विचारून पाहावीत, फरक मोठा पडतो. साठीपुढील ज्यांचा आरोग्य विमा नाही त्यांना जुन्या कर पद्धतीत वर्षाला ५० हजार रुपयांपर्यंतच्या वैद्यकीय खर्चाची वजावट मिळते, मात्र पैसे रोख दिलेले नसावेत. बिले जपून ठेवावीत.

दवाखान्याचा दिवस

पंजागुट्ट्याच्या निम्समध्ये संधिवाताचा स्वतंत्र विभाग आहे. खाजगी तज्ज्ञही शहरात बरेच आहेत. कुठेही गेले तरी वाट पाहण्यातच अर्धा दिवस जातो, म्हणून त्या दिवशी घरात दुसरे काही ठेवू नये. सुलतान बाजार, नारायणगुड्याकडच्या मंडळींना मेट्रो सोयीची पडते. एमजीबीएसला गाडी बदलायची आणि पंजागुट्टा किंवा एर्रम मंझिलला उतरायचे. स्टेशनांवर लिफ्ट आहे, जिने चढू नयेत. बरोबर पाण्याची बाटली, काहीतरी खायला, जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले आणि ती पंधरा दिवसांची वही. डॉक्टर पाच-सात मिनिटे देतात. त्यातले पहिले वाक्य थकव्याचे असू द्यावे, सांध्यांचे ते स्वतःच विचारतात.